जुनी भातुकली: ओळखायची, जमवायची आणि जपायची कशी

पितळेचा भाव चढला की जुनी भातुकली बाजारात येते, आणि बहुतेक वेळा मोडीतच येते. वाडा पाडायला काढतात, माळा रिकामा होतो, एखाद्या गंजलेल्या डब्यातून चिमुकली तपेली, परात, कळशी, झारा-उलथणे बाहेर पडते. घरातल्या कुणाला त्याचे फारसे अप्रूप नसते. मोठ्या हंड्या-घागरींबरोबर तीही काट्यावर चढतात आणि तिथून भट्टीत जातात. ज्या वाचतात, त्यांतल्या पुष्कळशा नव्या मालकाच्या हौसेपायी चिंच-मिठाने इतक्या घासल्या जातात की त्यांच्या जुनेपणाची एकही खूण उरत नाही. माझ्या मते हे दुसरे नुकसान पहिल्याइतकेच वाईट. म्हणून या छंदात येणाऱ्याने सगळ्यात आधी हात आवरायला शिकायचे. जुन्या भातुकलीची निगा म्हणजे थोडेच करणे, जपून करणे, आणि केलेले लिहून ठेवणे.

आधी डोळा तयार करा

सुरुवातीचे काही महिने काहीही विकत घेऊ नका. त्याऐवजी खरी, मोठी भांडी बघा. भातुकली ही खऱ्या स्वयंपाकघराची नक्कल असते. ज्याला बंब, म्हणजे न्हाणीचे पाणी तापवायचे भांडे, कसा पेटतो हे ठाऊक नाही, त्याला भातुकलीतला बंब चांगला की वाईट हे कळणार नाही. पुण्यात शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय यासाठी उत्तम. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, किसण्या, रोजच्या वापरातली भांडी गावोगावी हिंडून जमवली. रोजची वस्तू कारागिराने किती जीव लावून केली आहे, ते तिथे नीट दिसते. एका फेरीत सगळे बघायचा हव्यास नको. एका वेळी एकच प्रकार घ्या, पाण्याची भांडी किंवा तळणीची, आणि कड कशी दुमडली आहे, कडी कशी जोडली आहे, तळ कसा आहे, एवढेच पाहा.

दुसरी शाळा म्हणजे घरातल्या आणि शेजारच्या आजी. गौरी-गणपतीत आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात अजूनही कित्येक घरी आरास म्हणून भातुकली मांडतात. रुखवतातही लहान भांड्यांचा संच दिसतो. अशा ठिकाणी नुसते 'छान आहे' म्हणून निघू नका. हे काय, याचा उपयोग काय, तुमच्याकडे याला काय म्हणायचे, असे विचारा. एकाच भांड्याला कुणी पातेले म्हणेल, कुणी टोप, कुणी भगुणे. भांडे कुठल्या घरातले, कुठल्या भागातले, याचा तो एक धागा असतो.

छोट्या संसाराची हौस जगभर आहे. जर्मनीत न्यूरेनबर्ग किचन नावाची खेळण्यातली स्वयंपाकघरे काही शतके होत होती. तीन भिंती, मध्ये चूल, भिंतीवर ओळीने टांगलेली भांडी. आपल्या भातुकलीची ती सख्खी बहीणच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे बाहुलीघर बांधले, त्याचा आराखडा नवी दिल्ली उभारणाऱ्या एडविन लुट्येन्स यांचा. त्यातली प्रत्येक वस्तू १:१२ या मापात आहे आणि ते आज विंडसर किल्ल्यात पाहायला मिळते. तिकडचे छांदिष्ट मापाबाबत फार काटेकोर असतात. आपल्या भातुकलीला असे एकच माप कधी नव्हते. त्यामुळे माप आपले आपणच ठरवावे लागते.

मर्यादा ठरवा

'मिळेल ते' जमवत गेलात तर वर्षभरात टेबलभर भंगार होते. एक चौकट आखून घ्या. फक्त पितळ. किंवा फक्त पाणी आणि न्हाणीघर: हंडा, कळशी, घंगाळ, बंब, तांब्या. किंवा फक्त फराळाची तयारी: कढई, झारा, सोऱ्या, किसणी, परात. नवख्याला मी पितळ-तांब्यापासून सुरुवात करायला सांगते. हे धातू सोशिक असतात आणि शिकताना माफ करतात. लाखेचे लाकूड आणि रंगवलेली माती तशी नसते.

मापासाठी पोळपाट हाताशी धरावा. खरा पोळपाट साधारण २४ सेंटिमीटरचा. तुमच्याकडचा ६ सेंटिमीटरचा असेल तर तुमचे माप १:४. मग खरे घंगाळ ४८ सेंटिमीटर रुंद धरले तर तुमच्या संचात १२ सेंटिमीटरचे शोभेल. काटेकोर जुळणार नाही, जुळायची गरजही नाही. पण तांब्या कळशीपेक्षा मोठा आणि पळी पातेल्यापेक्षा लांब असे झाले की मांडणी बघणाऱ्याला कुठेतरी खटकते, का ते त्याला सांगता येत नाही.

कुठे शोधायचे

पहिली जागा आपल्याच नात्यागोत्यातले माळे. दुसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात फलदायी, म्हणजे भांड्यांची जुनी दुकाने. लोक तिथे जुने पितळ मोडीत देऊन नवे स्टील नेतात. दुकानदाराला सांगून ठेवा की मोडीत लहान भांडे आले तर बाजूला ठेवा, मोडीच्या भावापेक्षा जास्त देईन. हे एकदा सांगून भागत नाही. अधूनमधून जाऊन बसावे लागते, ओळख वाढवावी लागते. नाशिकच्या भांडी बाजारात आणि पुण्यात तुळशीबागेच्या आसपास अशी पिढीजात दुकाने आहेत. तुळशीबागेत नवी भातुकलीही मिळते. ती मुद्दाम हाताळून पाहा, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक बोटांना कळतो.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरची दुकाने शुक्रवारी बंद असतात. दोन्ही ठिकाणी सकाळी लवकर जावे आणि पहिल्या फेरीत नुसते बघून यावे. विक्रेत्याला 'हे कुठून आले' असे जरूर विचारा. उत्तर मिळाले तर तिथेच फोनमध्ये लिहून घ्या. इंटरनेटवर फोटो पाहून घेणार असाल तर तळाचा, आतल्या बाजूचा आणि सांध्याचा फोटो मागा. तळ दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

धातू ओळखणे

खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. पितळ, तांबे, कासे, अॅल्युमिनियम यांना तो चिकटत नाही. 'पितळी' म्हणून दिलेले भांडे चुंबकाला चिकटले तर आत लोखंडी पत्रा आहे आणि वर नुसता मुलामा.

तांबे म्हणजे लालसर आणि मऊ. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, पिवळे. कासे म्हणजे तांबे आणि कथील, किंचित फिके. बोटावर तोलून नखाने टिचकी मारली तर काशाचा नाद लांबवर घुमतो. कासे ठिसूळ असते, पडले तर पोचा पडत नाही, तडकते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. अॅल्युमिनियम हातात घेताच हलके लागते. आपल्याकडे त्याची भांडी मद्रासमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी होऊ लागली आणि पुढे देशभर पोचली. म्हणून अॅल्युमिनियमची भातुकली कुणी 'पेशवाई' म्हणून विकत असेल तर पुढच्या दुकानाकडे वळा. तिचे स्वतःचे मोल वेगळे आहे. आपल्या आजी-पणजीच्या पिढीतला तो रोजचा खेळ आहे.

मग घडण बघा. ठोक्याच्या भांड्यावर हातोडीच्या बारीक पैलूंच्या ओळी असतात. पुण्याच्या तांबट आळीत याला मठारकाम म्हणतात. दोन पत्रे जोडलेल्या जुन्या भांड्यात दातेरी सांधा दिसतो, एकमेकांत गुंतलेल्या दातांसारखी नागमोडी रेघ, आणि ती आतल्या बाजूला जास्त स्पष्ट असते. ओतीव भांडे जाड आणि जड असते, आतून थोडे खरखरीत. मुरादाबादेत आणि इतरत्र होणारा नवा ओतीव माल आम्लात बुडवून 'जुना' केलेलाही मिळतो. त्याचा हिरवेपणा सगळीकडे सारखा असतो. खऱ्या जुन्या भांड्यात खाचाखोचांत काळे-तपकिरी, हात लागतो तिथे गुळगुळीत, आणि तळाची कड झिजलेली असते. झीज नेहमी जिथे कारण असते तिथेच होते, हे लक्षात ठेवले की फसवणूक फार कमी होते.

एक बंब हातात घेऊन

एखादा चार-पाच इंची पितळी बंब मिळाला तर त्यावर अर्धा तास खर्च करा. बाहेरचे पिंप, मधोमध उभी नळी, नळीच्या खाली निखाऱ्याची जाळी, त्याखाली राखेची जागा, बाजूला तोटी, वर झाकण. झाकण उचला. ते नळीभोवती बसणारे, मधे भोक असलेले आहे का? तोटी फिरवून बघा, पण जोर लावू नका. खेळासाठी केलेल्या बंबाची तोटी फिरते आणि तिच्यातून पाणी येते. शोभेच्या बंबाची तोटी नुसती चिकटवलेली असते. आता विजेरी घेऊन नळीत डोकवा. आत राखेचा करडा थर किंवा काजळी दिसली तर या बंबात कुणीतरी खरोखर निखारे घातले होते, अंगणात बसून पाणी तापवले होते. ही काजळी काढायची नाही. तळाशी पाण्याच्या क्षाराची पांढरी कड असेल तर तीही राहू द्या. बाहेरून पाहा, तोटीभोवती राखाडी धातूचा ओबडधोबड गोळा आहे का? तो नंतर दिलेला डाख, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड. म्हणजे तोटी कधीतरी गळत होती आणि कुणीतरी पैसे मोजून ती दुरुस्त करून आणली होती. खेळण्यातल्या बंबाची गळती बंद करून घेणारे घर कसे असेल, याचा विचार करत बसायला मला फार आवडते.

हीच परीक्षा सगळीकडे लावा. सोऱ्याच्या चकत्या बदलतात का, शेवेची आणि चकलीची वेगळी आहे का? जात्याची पाळी फिरते का? किसणी खरोखर किसते का? मुलींना खेळता यावे म्हणून घडवलेले आणि कपाटात ठेवायला घडवलेले, यांतला फरक इथे कळतो. चुरमुरे, दाणे, गूळ घेऊन लुटुपुटीचा स्वयंपाक ज्यात झाला आहे, ते भांडे थोडे वाकडे असले तरी मी आधी घेईन.

घरी आल्यावर: धुण्याआधी नोंद

नवे भांडे थेट इतरांत मिसळू नका. आधी फोटो काढा: समोरून, वरून, आतून, तळ, प्रत्येक सांधा, प्रत्येक इजा. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप आपोआप नोंदले जाते. एक साधी वही करा. क्रमांक, भांड्याचे नाव, देणाऱ्याने सांगितलेले नाव, धातू, उंची, व्यास, वजन, कुठून आले, कधी, किती पैसे दिले, आणि पुढे त्यावर काय काय केले. क्रमांक भांड्यावर मार्करने लिहू नका. जाड कागदाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा.

नात्यातल्या कुणी दिले असेल तर कुणी कुणाला कधी दिले होते ते विचारून घ्या. भांड्यावर नाव कोरलेले असते कधी कधी, देणाऱ्याचे किंवा मुलीचे. टिंबाटिंबांनी ठोकलेली ती अक्षरे तिरप्या उजेडात वाचता येतात. ती पुसट होतील असे काहीही करू नका.

साफसफाई

कोरडी सफाई पहिली. मऊ कुंचला, रंगाचा किंवा दाढीचा, घेऊन धूळ झटका. कोपऱ्यातला मळ बांबूच्या काडीने काढा, सुई-पिनेने नको. पुष्कळ भांड्यांना एवढे पुरते.

चिकट तेलकटपणा असेल तर कोमट पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती कापड. भांडे बुडवून ठेवायचे नाही. लाकडी मूठ, लोखंडी कडी किंवा डाख असेल तर ओलसर कापडानेच पुसा. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून लगेच कोरडे करा. सांध्यात आणि दुमडलेल्या कडेत पाणी लपून बसते, म्हणून केस वाळवायच्या यंत्राचा कोमट झोत द्या.

आता चिंच. चिंच, लिंबू, आमसूल यांतले आम्ल वरचा काळा थर विरघळवते आणि पितळ उजळते, हे खरे. पण आम्ल पितळातले जस्त आधी खाते, आणि जास्त वेळ राहिले तर भांड्यावर तांबूस-गुलाबी डाग उमटतात. ते डाग घासून जात नाहीत, कारण तिथे पितळ राहिलेलेच नसते, उरते ते तांबे. मीठ घातले तर आणखी वाईट. मिठातले क्लोराइड सांध्यात राहते आणि पावसाळ्यात तिथूनच हिरवे पीठ फुटते. राखेने किंवा विटेच्या भुकटीने घासले तर ओरखडे पडतात आणि नक्षीची धार बोथट होते. रोजच्या वापराच्या मोठ्या भांड्याला हे सगळे चालते, कारण त्याचा पत्रा जाड असतो. भातुकलीचा पत्रा पातळ, नक्षी उथळ. दरवर्षी दिवाळीला चिंचेने घासलेल्या लहान भांड्यावरचे नाव काही वर्षांत दिसेनासे होते.

थोडी चमक हवीच असेल तर खडूची अगदी बारीक भुकटी पाण्याच्या किंवा स्पिरिटच्या थेंबात कालवून मऊ कापडाने हलकेच फिरवा. आधी तळाशी, नखाएवढ्या जागेवर करून बघा. नक्षीतला काळेपणा राहू द्या, नक्षी उठून दिसते ती त्यानेच. बाजारातल्या तयार पॉलिशपैकी ज्याला अमोनियाचा वास येतो ते भातुकलीपासून लांबच ठेवा. ठोकून घडवलेल्या पितळात ताण साठलेला असतो, आणि अशा पितळाला अमोनिया लागला तर ते आपोआप तडकते. हे शास्त्र आपल्याच पावसाळ्यातून पुढे आले. ब्रिटिश सैन्याच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तबेल्यांत ठेवले की तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा हे त्याचे कारण, असा उलगडा १९२१ मध्ये झाला.

जंगाल, म्हणजे हिरवा गंज, दोन प्रकारचा असतो. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर भांड्याला धरून राहतो, तो बिनधोक. फिकट हिरवे, पिठासारखे भुसभुशीत, पुसले तरी पुन्हा उगवणारे मात्र रोगट. ते भांडे ताबडतोब वेगळे ठेवा. कोरड्या कुंचल्याने पीठ झटका, ते हाताला आणि नाकाला लागू देऊ नका, आणि भांडे सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. ओलावा मिळाला नाही तर ते पसरत नाही. कोकणातून, समुद्राकाठच्या घरांतून आलेल्या भांड्यांवर हे जास्त दिसते, कारण खारी हवा.

सगळे झाल्यावर मधमाशीच्या मेणाचा किंवा संग्रहालयांत वापरतात त्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि कोरड्या कापडाने पुसा. पारदर्शक लॅकर मारू नका. ते एका कोपऱ्यात सुटते आणि त्याखाली काळे डाग पसरत जातात.

कल्हई, डाख, पोचे

पितळ-तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आतून कथलाची कल्हई असते. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा उग्र धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाने भराभर सगळीकडे फिरवतो. बघायला विलक्षण सुंदर काम. तरीही संग्रहातल्या भातुकलीला नवी कल्हई लावू नका. एक कारण म्हणजे जुन्या कल्हईचे उरलेले पट्टे हा वापराचा पुरावा. दुसरे कारण धातूचेच. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि भातुकलीच्या कड्या, तोट्या, मुठी पुष्कळदा शिसे-कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. तो डाख त्याहूनही कमी उष्णतेला सुटतो. कल्हई होईपर्यंत कडी भट्टीत पडलेली असते.

सुटलेली कडी पुन्हा जोडायची असेल तर आधी विचार करा, जोडलीच पाहिजे का? कडी आणि भांडे एका पुडीत एकत्र ठेवून चालते. जोडायचीच तर अनुभवी तांबटाकडे जा, त्याला मूळ सांध्याची जागा दाखवा आणि काम तिथे उभे राहून करून घ्या. एपॉक्सीने चिकटवलेले पुढे काढताना पत्रा सोलतो. पोचा हातोडीने काढू नका. वर्षांनुवर्षे ठोकलेले पितळ कडक झालेले असते, उलट्या बाजूने मारले की चीर जाते. पोचा असलेले भांडे कमी प्रतीचे असे मला तरी वाटत नाही.

लाकूड, दगड, माती

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर पूर्वी लाखेचा रंग चरकावर फिरवत चढवत. चितार आळीत आजही लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत, आता बराच माल तयार ऑइलपेंटने रंगवलेला असतो. जुना लाखेचा पोळपाट किंवा उखळ-मुसळ हाती आले तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर यांतले काहीही त्याला लावायचे नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एका पुसण्यात रंग कापडावर येतो. उन्हात वाळवू नका, उष्णतेनेही ती मऊ पडते. कोरडे मऊ कापड पुरे.

लाकडातून पिठासारखा बारीक भुसा गळत असेल तर आत कीड आहे. पारदर्शक पिशवीत बंद करून काही आठवडे बघा, ताजा भुसा पडतो का. पडत असेल आणि लाकडावर रंग किंवा लाख नसेल, तर पिशवीतली हवा काढून घट्ट बंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर लाकडावर दव धरते. रंगीत वस्तू मात्र फ्रीझरमध्ये नको, रंगाला तडे जातात.

संगजिऱ्याची जाती आणि पाटे-वरवंटे फार मऊ असतात, नखानेही ओरखडा उठतो. साधी धूळ झटकावी. कच्च्या मातीच्या चुलीला पाण्याचा थेंबही लावू नये.

पावसाळा आणि कपाट

आपल्या हवेत खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नको. नव्या लाकडातून आणि प्लायमधून आम्लाची वाफ येत राहते, त्याने डाखातले शिसे पांढरे पडून झडते. म्हणून स्टीलचे कपाट किंवा झाकणाचे जाड प्लास्टिक डबे बरे. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. धुतलेले, निळीशिवायचे मलमल वापरा. रबरबँड आणि लोकरी कापड यांतून गंधक सुटते, चांदीची भातुकली त्याने काळी पडते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एकदा डबे उघडून नुसती नजर फिरवा. हिरवे पीठ लवकर दिसले तर भांडे वाचते.

मुले, कायदा, परदेश

जुनी कल्हई आणि डाख यांत शिसे असू शकते, जुन्या तेलरंगांतही. म्हणून संग्रहातली भातुकली लहान मुलांना खेळायला देऊ नका, आणि त्यात केलेले कुणाला खायला तर मुळीच देऊ नका. मुलांसाठी नवा स्टीलचा संच आणा. त्यांना खेळू द्या, मनसोक्त.

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा हस्तकलेची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. अमेरिकेत किंवा लंडनला राहणाऱ्या लेकीला पणजीची भातुकली पाठवायची असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून, ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. वस्तू खरेच शंभरीपार असेल तर ती इथल्याच एखाद्या नातेवाइकाकडे राहू द्या आणि लेकीला नोंदवहीची प्रत, फोटो पाठवा. जुन्या बाजारात हस्तिदंती बाहुल्या, फण्या दिसतात. वन्यजीव कायद्याने हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, त्यांच्याकडे वळूच नका.

मांडणी

सगळी भांडी उंचीप्रमाणे ओळीत लावली की ते दुकान दिसते. स्वयंपाकघर जसे चालते तसे मांडा. डावीकडे चूल आणि तिला जोडून वैल, वैलावर दुधाचे पातेले. चुलीपाशी फुंकणी, चिमटा, सांडशी. हाताच्या अंतरावर परात आणि पोळपाट-लाटणे, कारण पोळी लाटणारी उठत नाही. मागे मांडणीवर डबे, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, वर शिंके. पाण्याचे हंडे-कळश्या दाराजवळ, न्हाणीघराच्या बाजूला बंब आणि घंगाळ. विळी आडवी पाडून ठेवा, खऱ्या घरात काम झाले की तशीच ठेवतात. जुन्या घरात वाढलेली कुणी बाई बघायला आली आणि तिने न विचारता एखादे भांडे उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिचे ऐका आणि का ते विचारून वहीत लिहा.

पार्श्वभूमीला जाड पुठ्ठा किंवा मातीचा रंग दिलेली फळी पुरे. भांड्यांखाली धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा अंथरा. दिव्याचा झोत थेट लाखेवर पडू देऊ नका. सणाला बाहेर काढाल तेव्हा भातुकलीत ओली फुले, फराळ, फळांच्या फोडी ठेवू नका. ठेवायचेच तर आत केळीच्या पानाचा नाहीतर बटर पेपरचा तुकडा घाला. हळदीकुंकवाचे बोट लागलेले असेल तर त्याच रात्री कोरड्या कुंचल्याने झटका, मग ओलसर कापडाने पुसा. विसर्जनानंतर सगळे एकदम गुंडाळायची घाई नको. एकेक भांडे कोरडे करून, चिठ्ठीचा क्रमांक वहीशी ताडून, मग डब्यात ठेवा.